जाकड घेतलेली शाळा

शहापूरच्या नाक्यावर भात निघालं की दोन पिकं उभी राहतात. एक वालाचं आणि दुसरं शाळांच्या बोर्डांचं. वालाला निदान दंव तरी लागतं, बोर्डांना तेवढंही लागत नाही. यंदा एका बोर्डावर गुलाबी गालांचं पोर हसतंय, त्याच्या मागे विमान, विमानाच्या मागे बर्फाचा डोंगर आणि खाली हाताएवढ्या अक्षरांत, 'प्रवेश सर्वांसाठी खुला. मुलाखत नाही. परीक्षा नाही.' मी फटफटी बाजूला लावली आणि बोर्डाच्या मागे जाऊन पाहून आलो. मागे दोन बांबू होते आणि एक झोपलेलं कुत्रं.

बोर्डाची मागची बाजू बघायची ही सवय मूळची माझी नव्हे. ती मला सापगावच्या गोटीरामकाकांकडून लागली. काका आज असते तर त्यांनी कुत्र्यालाही उठवून विचारलं असतं, तू हितंच का झोपलास, आणि तुला कोणी झोपवला.

गोटीरामकाका माझे शेजारी. त्यांची पडवी आणि माझं हार्डवेअरचं दुकान यांच्यामध्ये एक शेवग्याचं झाड, बस. उंच, तुरीच्या काडीसारखे वाळलेले. डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं आणि डावा डोळा कायम अर्धा मिटलेला. गावात सांगायचे, तो डोळा जन्मल्याबरोबर सुईणीकडे बघून मिटला तो मिटलाच. तिच्यावर काकांचा विश्वास बसला नव्हता. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण ज्यांनी हे पाहिलं त्यांनी मला शपथेवर सांगितलंय.

माझ्या दुकानातून खिळे घेताना काका एकेक खिळा दाताखाली धरून बघत.

"काका, लोखंडच आहे हो."

"तू बोलतोस म्हणून तर चावतोय."

एकदा ताप आला म्हणून शहापुरात नव्या डॉक्टरकडे नेलं. त्याने गोळ्या दिल्या. काका म्हणाले, "आधी तुमी एक घ्या." डॉक्टर बिचारा कोवळा होता, त्याने घेतली. काकांचा ताप उतरला, पण डॉक्टर संध्याकाळपर्यंत जांभया देत होता आणि त्या जांभया बघून काकांनी उरलेल्या गोळ्या शेवग्याच्या बुंध्याशी पुरल्या. त्या वर्षी शेवग्याला शेंगा लागल्या नाहीत. झोपलाच होता तो.

टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईवरही त्यांचा रोष होता. "सगळा सांगते. पण तिच्या मागं खिडकी हाय ती उघडून का नाय बघत?"

हा संशय नुसता स्वभाव नव्हता. तो त्यांचा धंदा होता. मुरबाडच्या पलीकडे म्हशाला पौषात जत्रा भरते, तिथला बैलबाजार तुम्ही ऐकून असालच. त्या बाजारात शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली माणसं बैल घेताना गोटीरामकाकांना सोबत न्यायची. स्वतःचा बैल सोडाच, स्वतःचा बाप हरवला असता तरी लोकांनी आधी काकांना दाखवून मग घरी नेला असता, एवढी त्यांची पारख. शिंगाला तेल चोपडलेलं, पोट फुगावं म्हणून मीठ चारून पाणी पाजलेलं, पांढरे केस काजळीने काळे केलेले, हे सगळं त्यांना पन्नास पावलांवरून वासाने कळे. तरीही खात्रीसाठी एकदा त्यांनी भर बाजारात बैलाच्या पाठीला जीभ लावली. जीभ काळी निघाली. व्यापारी तिथून जो पळाला तो म्हणे माळशेज घाट चढूनच थांबला.

त्यांचे तीन नियम होते. पहिला, जनावर दुपारी बघावं. "सकाळच्याला सगळेच चांगले दिसतात. बैल, माणूस, पाहुणा. ऊन डोक्यावर आला का खरा काय ते कळते." दुसरा, शंका राहिली तर जाकड घ्यावं. म्हणजे बैल आठवडाभर आपल्या दावणीला बांधायचा, नांगराला जुंपून बघायचा. खोड निघाली तर परत, नाही निघाली तर आपला.

तिसरा नियम विकताना. स्वतःचा बैल विकायचा असला की काका त्याची खोड आधी सांगत. गिऱ्हाइकाने दाव्याला हात लावायच्या आत. "आधीच सांगून ठेवतो. डावीकडनं कुत्रा आला का हा थांबतो. मारलात तरी हलनार नाय. बाकी गुणाचा हाय." हे असं मोकळं सांगितल्यावर गिऱ्हाईक उलट खूश. आणि एक फायदा पक्का: खोड सांगून विकलेलं जनावर कधी परत येत नाही. म्हशाच्या बाजारात काकांची सगळी अब्रू या एका वाक्यावर उभी होती.

आता दुपारच्या नियमाची गोष्ट. मुलाचं, म्हणजे किसनचं, लग्न ठरवताना मुलगी बघायला जायचं होतं रविवारी सकाळी. काका शनिवारी भर दुपारी एकटेच खर्डीला जाऊन धडकले. घरात शेणाने सारवण चाललेलं. मुलगी पदर खोचून, हात कोपरापर्यंत शेणात. काकांनी पाणी मागितलं. ती म्हणाली, "पाहुणे, उद्या यायचा ठरलाय ना? मग उद्या या. आज पाय ठेवलात तर सारवण परत तुमालाच करावा लागंल." काका उंबऱ्यावरूनच परतले आणि घरी येऊन म्हणाले, "सोयरीक पक्की. दुपारी पन तशीच हाय."

ती प्रणाली. त्या घरात काकांच्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्याला डोळा भिडवणारं एकच माणूस. किसन आसनगावच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचा आणि घरी आला की बापाचं आणि बायकोचं दोघांचंही खरं मानून झोपायचा.

किसन आणि प्रणालीची मुलगी स्वरा. काका तिला बाय म्हणत. पोर घरात बडबडी. शेळीला गोष्टी सांगायची, शेवग्याला दटावायची, माझ्या दुकानात येऊन वॉशर मागून न्यायची आणि ते बोटांत घालून अंगठ्या म्हणून मिरवायची. पण ओळख नसलेलं माणूस दिसलं की तोंडाला कुलूप. बुजरी. आमच्याकडे भिडस्त मूल म्हणजे काही आजार मानत नाहीत. पावसाळ्यात बेडूक ओरडतात, उन्हाळ्यात गप्प बसतात, तसंच ते. पण तिला शाळेत घालायची वेळ आली आणि तिथून सगळं फिसकटलं.

पहिली शाळा शहापुरातली, काचेची. एवढी काच की पक्षी येऊन आपटायचे आणि आत बसलेली पोरं त्यांचे इंग्रजी स्पेलिंग सांगायची. काका, प्रणाली, स्वरा आणि फटफटीवाला म्हणून मी. एका बाईंनी स्वराच्या समोर प्लॅस्टिकचं सफरचंद धरलं आणि रंग विचारला. स्वराने सफरचंदाकडे पाहिलं. उत्तर तिच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसत होतं. तेवढ्यात काका पुढे सरले.

"बाई, आधीच सांगून ठेवतो. पोर बोलत नाय. घरात बोलते, भायेर नाय. परका मानूस दिसला का मागं सरते."

स्वरा मागे सरली. काकांच्या धोतराआड गेली.

तेच म्हशाचं वाक्य, तोच आवाज. फक्त शेवटचं 'बाकी गुणाची हाय' काकांनी गिळलं होतं. बैलाची स्तुती चालते. घरच्या लेकराची परक्यासमोर केली की दृष्ट लागते, हा त्यांचा वेगळा संशय. बाईंनी सफरचंद टेबलावर ठेवलं आणि गोड आवाजात सांगितलं की पुढच्या वर्षी बघू.

बाहेर आल्यावर प्रणाली म्हणाली, "मामंजी, तुमाला विचारला होता कोणी?"

"सांगितला नसता तर उद्या त्यांनी बोंब मारली असती. फसवून दिली बोलले असते."

"पोर हाय ती. बैल नाय."

"म्हणून तर जास्त सांभाळून सांगितला."

दुसरी शाळा मुरबाडकडची. तिथे मुलांना ठोकळे देऊन एक सर लांबून बघत बसत. स्वरा ठोकळ्यांजवळ गेली, एक उचलला. सर म्हणाले, "छान. नाव काय तुझं?" काका दारातूनच म्हणाले, "आधीच सांगून ठेवतो..." आणि ते पुढे काही बोलायच्या आधीच पोर ठोकळा खाली ठेवून धोतराआड पोचली होती. दुसऱ्या दिवशी फोन आला की जागा भरल्या.

त्यानंतर स्वरा माझ्या दुकानात यायची बंद झाली. वॉशर हवा असला की पडवीतून बोट दाखवायची. मी हाक मारली तर शेळीच्या मागे जाऊन बसायची. एकदा माझ्यादेखत खर्डीचा तिचा स्वतःचा मामा आला, तर त्याच्यापुढेही तोंड उघडलं नाही. प्रणाली तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली, "रवीभाऊजी, अजून एक वरीस ही घरात राहिली ना, तर घरातपन बोलायची नाय." सूप तिच्या हातात थांबलं होतं. प्रणालीचं सूप थांबलेलं मी तेव्हाच एकदा पाहिलं.

मग तिनेच तिसरी शाळा शोधली. शहापूरच्या बाहेर, ओहोळाच्या पलीकडे. लांबलचक बसकी इमारत, वर पत्रे. आधी तिथे पोल्ट्री होती. मालकाने कोंबड्या विकल्या आणि जागा एका बाईंना भाड्याने दिली. त्या शुभदाबाई. ठेंगण्या, घसा कायम बसलेला, चपलेला तारेचा टाका. या शाळेची ख्याती एकच, ती सगळ्यांना घेते. हुशार, मठ्ठ, रडकं, मारकं, डोळखांबच्या पाड्यावरून कामापायी खाली आलेल्यांचं, बंगल्यातलं, जे येईल ते. आमच्याकडे लोकांना नाकारणाऱ्या शाळेचा राग येतो. पण कोणालाच न नाकारणारीची चक्क भीती वाटते. फाट्यावर चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलं की तिथे पोरांच्या नावाने वर कुठूनतरी काहीतरी मिळतं. काय मिळतं ते कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणजे नक्कीच पुष्कळ असणार. दुसरा म्हणाला की कोंबड्यांचा रोग भिंतीत राहतो आणि तिथली पोरं पहाटे आपोआप उठतात. तिसऱ्याने मान हलवली, कारण त्याचा पुतण्या तिथे होता आणि खरंच लवकर उठत होता.

आम्ही गेलो. शुभदाबाईंनी विचारलं, "नाव काय हिचं?"

"स्वरा," प्रणालीने सांगितलं.

"बरं. सोमवारपासून पाठवा."

काकांचा मिटलेला डोळा उघडला. मी सगळ्या आयुष्यात तो उघडलेला तेवढाच पाहिला.

"घेतली?"

"घेतली."

"बघितलीत तरी का?"

"बघितली की. समोर उभी आहे."

"परीक्षा?"

"कसली? चार वर्षांची तर आहे."

काका एक पाऊल पुढे गेले. "बाई, आधीच सांगून ठेवतो. पोर बोलत नाय." स्वरा धोतराआड.

"चालेल. मी फार बोलते. दोघींत भागेल."

"तुमी काय कोणालापन घेता?"

"जागा आहे तोवर."

"आणि वाईट निघाला तर?"

"कोण?"

"पोर."

"अजून एकही निघालेलं नाही."

"मग तुमी नीट बघितला नसल," काका म्हणाले. बाई हसल्या, आणि त्या हसल्यामुळे काका जास्तच सावध झाले. बाजारात हसणारा व्यापारी म्हणजे लंगडा बैल, हे त्यांचं गणित.

परतताना ते माझ्या पाठीमागून कानात बोलत होते. "रव्या, न बघता माल उचलनारा गिऱ्हाईक एकतर चोर असतो नायतर येडा. बाई येडी दिसत नाय." सापगावच्या पुलावर म्हणाले, "दातपन बघितला नाय रे तिनं." घराच्या दारात म्हणाले, "पोर नाय जायची."

प्रणालीने हातातलं भांडं खाली ठेवलं. "सोमवारी जानार."

"खोट बघितल्याबिगर नाय."

"मग बघा. तुमचा जन्म त्याच्यात गेलाय. पन सोमवारी ती जानार."

दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन पुन्हा शाळेत. भर दुपारी, अर्थातच. शुभदाबाई डबा खात होत्या. काका उभ्याउभ्याच म्हणाले, "शाळा आठवडाभर जाकड देता का?"

बाईंना कळेना. मी जत्रा, दावण, नांगर सगळं समजावलं. बाई इतक्या हसल्या की घास अडकला आणि मलाच पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "दिली. पण आमची एक अट. जाकड आहे तोवर घरचं माणूस व्हरांड्यात बसलं पाहिजे. तुम्ही बसा. मग दावणही तुमची आणि नजरही तुमचीच."

एवढ्या सहज हो म्हटल्यावर काकांना रात्रभर झोप लागली नाही, असं काकू म्हणाल्या.

सोमवारपासून काका व्हरांड्यात. स्वरा आत, खिडकीजवळच्या चटईवर, जिथून तिला काकांच्या टोपीचं टोक दिसेल. मी सकाळी सोडायचो आणि दुपारी आणायला जायचो. दरम्यान काकांनी त्या शाळेची जी तपासणी केली, ती इंग्रजांनी रेल्वे टाकताना कसाऱ्याच्या घाटाचीही केली नसेल. खिचडी त्यांनी पातेल्याच्या तळातून काढून खाल्ली, कारण वरची सगळ्यांचीच चांगली असते. संडास हुंगले. शिडी लावून पत्र्यावर चढले आणि वरून एका वर्गात डोकावले, तेव्हा आतली पोरं एकदम टाळ्या वाजवू लागली. त्यांना वाटलं, माकड आलं. खिचडी करणाऱ्या मावशींना त्यांनी अडवून विचारलं, "तुजी पोरं कुठल्या शाळेत?" मावशी म्हणाल्या, "नातू हितंच हाय." काका मला म्हणाले, "बघितलास? तिला शिकवून ठेवलीय."

बुधवारी त्यांनी उपरण्याच्या गाठीतून एक पीस काढून माझ्यापुढे धरलं. पांढरं, कोंबडीचं.

"वर्गात सापडला."

"काका, आधी पोल्ट्री होती ना तिथं."

"होती असा बोलतात."

गुरुवारी ते हताश होते. बाजारात एवढा वेळ एकाच जनावराभोवती ते कधीच फिरले नव्हते. "खोट सापडत नाय रव्या. म्हणजे मोठी हाय."

आणि पोर? पोर चटईवर बसायची, दुसऱ्यांचं बघायची, टोपीचं टोक बघायची. बोलली नाही. शुभदाबाई जाता-येता तिच्याशी बोलायच्या आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायच्या. काकांना हाही कावाच वाटला.

शुक्रवारी मी जरा लवकर पोचलो. काका व्हरांड्यात बसलेले नव्हते. ते खिडकीच्या बाजूला भिंतीला पालीसारखे चिकटून उभे होते. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि हाताने जवळ बोलावलं. मला वाटलं, सापडली एकदाची खोट.

आत एक नवा मुलगा आला होता, खर्डीकडचा. आई नुकतीच त्याला वर्गात बसवून गेलेली आणि त्याने असा भोंगा लावलेला की पत्रे थरथरत होते. शुभदाबाई पाठमोऱ्या, दुसऱ्या एका मुलीच्या बुटाची नाडी बांधत होत्या. तो मुलगा रडत रडत स्वराच्या चटईवर येऊन बसला. हुंदक्याच्या मध्येच त्याने विचारलं, "तुजा नाव काय?"

स्वराने एकदा खिडकीकडे पाहिलं. टोपी दिसत नव्हती. मग ती त्याच्याकडे वळली आणि अगदी काकांच्या चालीवर, हळू पण स्वच्छ, म्हणाली, "आधीच सांगून ठेवते. मी बोलत नाय."

मुलाचं रडणं थांबलं. त्याने जरा विचार केला. "मग आता कोण बोल्ला?"

"ह्या सांगावा लागते," स्वरा म्हणाली. "नायतर परत देतात."

"कोनाला?"

"मला. दोनदा दिलाय परत."

मुलाने नाक बाहीला पुसलं. "मी रडतो," तो म्हणाला. तोही आपली खोड सांगत होता. स्वराने मान डोलवली, जशी काका बाजारात डोलवत, आणि चटईवर थोडी बाजूला सरून त्याला जागा दिली.

शुभदाबाईंचे हात नाडीवर थांबले होते. त्या वळल्या नाहीत. मग त्यांनी बांधलेली नाडी सोडली आणि पहिल्यापासून पुन्हा बांधायला घेतली.

मी काकांकडे पाहिलं. ते भिंतीपासून सुटे झाले होते आणि उपरणं झटकत होते. त्या उपरण्याला काही लागलेलं नव्हतं.

परतताना स्वरा मध्ये, काका मागे. नेहमी माझ्या कानात गुणगुणणारा तो आवाज त्या दिवशी नव्हता. फटफटीचं मागचं चाक हलकं वाटलं म्हणून मी दोनदा वळून पाहिलं, माणूस आहे ना बसलेला. सापगावच्या पुलावर त्यांनी पाठीवर थाप मारली. मी थांबलो. स्वरा कठड्याच्या फटीतून भातसा नदीचं पाणी बघत बसली. काका माझ्याजवळ आले आणि फार हळू म्हणाले, तिला ऐकू जाणार नाही एवढं हळू. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ती काळजी घेतली.

"बैलासमोर खोड सांगता येते, रव्या. त्याला कुठं कळते."

सोमवारी ते पुन्हा शाळेत गेले. शुभदाबाईंसमोर टोपी काढून उभे राहिले.

"जाकड संपला."

"मग? परत करताय?"

"नाय. ठेवला."

"खोट नाही सापडली?"

"सापडली," काका म्हणाले. "तुमच्यात नाय."

यापुढे काका विश्वासू झाले असं कोणी समजू नये. शाळेच्या रिक्षाच्या टायरला ते रोज लाथ मारून बघत. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या गळ्यातला हार खरा आहे का कागदाचा, हे त्यांनी स्टेजवर जाऊन तपासलं. बदल एकच. घरी कोणी पाहुणा आला आणि त्याने विचारलं, "काय गो, बोलत नाय का ही?" की काका तोंड उघडत, आणि मग जणू माशी गेल्यासारखं मिटत. कधी उपरण्याचं टोक तोंडात कोंबत. स्वराचं उत्तर यायला वेळ लागायचा. कधी यायचं, कधी यायचं नाही. काका थांबून राहायचे. बैल ओढ्यात पाणी पीत असला की धनी थांबतो तसे, दावं ढिलं सोडून. आणि पुढच्या पावसाळ्याआधी स्वरा माझ्या दुकानात वॉशर मागायला पुन्हा यायला लागली. तिच्याबरोबर तो खर्डीचा रडकाही सुट्टीत येऊन गेला आणि माझा पाना घेऊन पळाला.

काका गेले त्याच्या आधीच्या पौषात मी त्यांना म्हशाला घेऊन गेलो होतो. ती त्यांची शेवटची जत्रा, आणि माझ्यापुरतं त्यांचं शेवटचं नीट दर्शन. स्वरा बरोबर. दुपारची वेळ, बाजार तापलेला, धुरळ्यात शिंगंच शिंगं. घाटावरच्या एका व्यापाऱ्याचा पांढराशुभ्र खोंड होता, इतका देखणा की म्हशाच्या देवाने स्वतःसाठी राखून ठेवला असावा. काकांनी उपरणं झटकलं आणि लांबूनच डोळा मिटला. स्वरा त्यांचा हात सोडून खोंडाभोवती फिरू लागली. शिंगं, खूर, शेपूट. एक शब्द नाही.

व्यापारी म्हणाला, "म्हातारबा, पोरगी मुकी हाय जणू?"

काकांचं तोंड उघडलं. 'आधीच' पर्यंतचा आकार त्यांच्या ओठांवर मी डोळ्यांनी पाहिला. मग उपरण्याचं टोक तोंडात गेलं. बाजार गर्जत होता आणि काका उभे होते, दावं ढिलं सोडून. मला वाटलं, आता हा खोंड म्हातारा होईल.

स्वरा शेपटीपाशी थांबली. तिने व्यापाऱ्याकडे मान वर करून पाहिलं.

"मुकी नाय. बघत होते."

"असं व्हय."

"आणि आधीच सांगून ठेवते," ती म्हणाली, काकांकडे बोट दाखवून. "हा आमचा आजा. कोणावर इश्वास ठेवत नाय. कितीपन सांगा, नाय ठेवनार." मग श्वास घेऊन तिने ते वाक्य पुरं केलं. "बाकी गुणाचा हाय."

व्यापारी हसत सुटला. आजूबाजूचे हसले. खोंडाचा सौदा तिथंच राहिला. काका वळले आणि समोरच्या घोंगड्यांच्या पालाकडे चालू लागले. तिथे त्यांनी एक घोंगडी उचलली, तिचा कोपरा तोंडावर धरला आणि लोकर खरी आहे का ते हुंगत, माझ्याकडे पाठ करून, बराच वेळ उभे राहिले.

घोंगडी हुंगायला एवढा वेळ लागत नाही. मला तेव्हाच संशय आला होता.